पांढरीची पहिली कमाई

कोंबड्यांना बोलता येत होतं, त्या काळातली ही गोष्ट. हौसाबाईच्या परड्यात तुरेवाली नावाची गावरान कोंबडी राहायची. शेजारच्या पोल्ट्रीतली पांढरी जाळीतून तिला म्हणायची, “मी वर्षाला तीनशे अंडी देते. तुझी साठ तरी होतात का?”

“होतात तेवढी माझ्या कष्टाची असतात,” तुरेवाली म्हणायची.

एका वर्षी मका फार महागला. खाद्य परवडेना म्हणून मालकाने पोल्ट्री बंद केली आणि कोंबड्या विकून टाकल्या. पांढरीला हौसाबाईने घरी आणलं. दोन दिवस पांढरी दाणे पडायची वाट बघत एका जागी उपाशी बसून राहिली.

“अगं, इथं ज्याचं त्यानं शोधायचं असतं,” तुरेवाली म्हणाली. “चल, उकिरडा उकर.”

“मला नाही गं येत. मी कधी मातीवर पायसुद्धा ठेवला नाही.”

“नखं आहेत ना? मग येईल.”

पांढरीने भीत भीत माती उकरली. बऱ्याच वेळाने एक लठ्ठ गांडूळ वर आलं. तिने ते मटकन गिळलं, उकिरड्याच्या टोकावर चढली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली.

हौसाबाई अंडं न्यायला धावत आली. अंडं कुठंच नव्हतं. पांढरी मात्र मान ताठ करून ओरडतच होती.