सुई उडू नये म्हणून

“...मग अंगावर काटा का येत नाही, बाबा?”

टिपणीसांनी मांडीवरचा खोका पुढे सरकवला. गावाबाहेरच्या फकिरांच्या तकियात, चिंचेच्या पारावर बसलेल्या करीमबाबांनी तो उलटसुलट करून पाहिला.

आत रेकॉर्ड होती. एका विलायती रॉक बँडचा जुना अल्बम, टिपणीसांच्या कॉलेजच्या दिवसांतला. आता तो मूळ टेपवरून, जाडजूड तबकडीवर, मोजक्याच प्रतींत नव्यानं निघाला होता. टिपणीसांनी त्याची चातकासारखी वाट पाहिली होती.

“जुनीवर नुसती खरखर,” ते म्हणाले. “हिच्यावर गाणारा श्वास घेतो तोसुद्धा ऐकू येतो. सगळं ऐकू येतं, बाबा... मन तेवढं हलत नाही.”

“ऐकतोस कसा?”

हा प्रश्न टिपणीसांच्या आवडीचा. ते रंगात आले. खिडक्या बंद, पंखा बंद. हात धुऊन, कोरडे करून मगच तबकडीला शिवायचं. दोन स्पीकरच्या समोर, मोजूनमापून मांडलेली खुर्ची. सोवळ्यातला स्वयंपाक परवडला, असा एकूण थाट.

“एकच खुर्ची?”

“आवाज त्या एकाच जागी नीट जुळतो.”

“हं... आणि जुनी कुठं ऐकायचास?”

“कॉलेजातल्या दोस्ताच्या, शेलारच्या खोलीवर. दोघांनी मिळून घेतली होती ना. सतरंजीवर आडवे पडायचो. माडीची फळ्यांची जमीन, आणि हा पायानं ताल धरायचा. सुई उडायची! मग राहिलेलं गाणं आम्हीच तोंडानं म्हणायचो...”

टिपणीस हसले. हसता हसता थांबले.

“शेलार आता कुठं असतो?”

“गावातच.” त्यांनी मान खाली घातली. “ही आली तेव्हा पहिल्यांदा त्यालाच बोलावलं होतं. खाली बसला, आणि लागला पाय आपटायला. म्हटलं, शेलार्‍या, पाय हलवू नकोस, सुई उडेल. पुन्हा तेच. मग मी ओरडलो.”

“मग?”

“उठून गेला. तेव्हापासून बोलणं नाही. पण तुम्हीच सांगा बाबा, इतकी नाजूक वस्तू... माझं काय चुकलं?”

आता उपदेश येणार, असं टिपणीसांना वाटलं. त्याला द्यायची उत्तरं ते घरूनच घोकून आले होते.

“तेच गाणं म्हण,” बाबा म्हणाले.

“मी? इथं?”

“म्हण की.”

टिपणीस ओशाळले. आजूबाजूला एक शेळी सोडली तर कुणी नव्हतं. त्यांनी घसा खाकरला. आधी नुसतं पुटपुटले, मग आवाज मोकळा झाला. मधला गिटारचा तुकडा त्यांनी तोंडानंच वाजवला, आणि वहाणेतून निसटलेला त्यांचा उजवा पाय आपसूक मातीवर पडू लागला.

बाबा वाकले आणि त्यांनी तो पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“अहो बाबा! हे काय करताय... पाप लागेल मला!”

“तू गा.”

टिपणीसांनी ओळ पुन्हा उचलली. ती दोन शब्दांवर अडली. पुन्हा उचलली, पुन्हा तिथंच अडली. पाय बाबांच्या हातात होता आणि गाणं घशात.

...

शेलार उठून गेला तेव्हाचा त्याचा चेहरा टिपणीसांना आठवला, आणि त्यांना फार वाईट वाटलं. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“येईल का हो तो?”

बाबांनी पाय सोडला. खोका उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

“बोलावून बघ... म्हणावं, येताना पाय घेऊन ये.”