चमचाभर भुकटी

फार जुनी नव्हे, अगदी अलीकडची गोष्ट. एका नगरात पदार्थविज्ञानाचे एक वृद्ध आचार्य होते. त्यांच्या प्रयोगशाळेत शाल्मली नावाची शिष्या एकच ध्यास घेऊन राबत होती. कागदाहून पातळ अशी प्लॅस्टिकची फिल्म तिला बनवायची होती, जी पावलाखाली दाबली गेली की स्वतःच विजेचा इशारा देईल.

हा ध्यास उगाच नव्हता. त्याच नगरातल्या एका कापड-व्यापाऱ्याचा उजवा पाय अपघातात गुडघ्याखालून गेला होता. कृत्रिम पाय उत्तम बसला. पण तो जमिनीला टेकला की नाही, हे त्या बिचाऱ्याला कळत नसे. जिना उतरताना तो दोनदा पडला, दुसऱ्या वेळी मनगट मोडले, आणि त्याने स्वतःच्या दुकानाच्या माडीवर जाणेच सोडले. शाल्मलीची फिल्म त्या पायाच्या तळव्यात बसणार होती आणि तिच्या इशाऱ्याने मांडीवर बांधलेला एक पट्टा थरथरून पाय टेकल्याचे सांगणार होता. व्यापारी शनिवारी येणार होता. मंगळवार उजाडला तरी इशारा इतका क्षीण, की पट्टा ढिम्म हलेना.

शाल्मलीचा उपाय ठरलेला होता. पॉलिमरच्या, म्हणजे फिल्मच्या प्लॅस्टिकच्या, द्रावणात ती बेरियम टायटनेटची भुकटी मिसळे. दाबले की वीज देण्याचा गुण त्या भुकटीत भरपूर. इशारा कमी पडला? मग भुकटी वाढवा! शंभराला दहा भाग घातले, वीस घातले, तीस घातले. दरवेळी फिल्म अधिक पांढरी, अधिक ताठ होई. तिसाची फिल्म तर टाचेखाली पापडासारखी मोडली. पण हट्ट तो हट्टच.

"आता चाळीस घालते, सर," असे म्हणून तिने बरणी उघडली.

आचार्यांनी बरणी तिच्या हातून काढून घेतली. चमचाभर भुकटी बशीत ओतली, बरणी कपाटात ठेवून कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. मग त्या एवढ्याशा भुकटीवर कसल्याशा चिकट द्रवाचे थेंब टाकून ते दिवसभर ती घोळवत बसले. घोळवली, धुतली, सुकवली, पुन्हा घोळवली. शाल्मलीचा जीव टांगणीला लागला होता. चार दिवस हातात, आणि म्हातारबुवा भुकटीला अभ्यंगस्नान घालताहेत! आदरापोटी ती गप्प राहिली, पण मनातून चांगलीच धुमसत होती.

बुधवारी सकाळी मात्र तिला राहवेना. "सर, जिच्यात वीज आहे तीच भुकटी तुम्ही कमी केलीत. आणि ज्यात काडीची वीज नाही, ते तेल घातलंत. हे कुठलं गणित?"

आचार्यांनी तिची जुनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "हे पांढरे ठिपके दिसतात?"

"दिसतात ना. भुकटीच ती."

"यांच्याकडे बघून किती दिवस खूश होतीस?"

शाल्मली ओशाळली. ठिपके वाढले की काम पुढे सरकले, असेच ती मानत आली होती.

"अगं, लग्नाच्या मांडवात पाहतेस ना," आचार्य म्हणाले, "मुलाकडचे आपल्या कोंडाळ्यात, मुलीकडचे आपल्या. आणखी शंभर वऱ्हाडी आणलेस तर कोंडाळी फुगतील, ओळख काही वाढायची नाही. दोन्हीकडच्या ओळखीची एखादी मावशी मधून हिंडली, की पंगत मिसळते. हे कणही असेच एकमेकांना बिलगून बसतात. मग गुठळीच्या आतल्या कणापर्यंत दाब पोचत नाही, आणि तिच्या कडेनं फिल्म तडकते. तुला जे दिसत होतं, ते कामाला लागलेलंच नव्हतं. या द्रवाचं एक टोक कणाला धरतं, दुसरं पॉलिमरला. तो स्वतः वीज देत नाही, पण देणाऱ्याला देऊ देतो."

शाल्मली लगेच कामाला लागली. त्या घोळवलेल्या भुकटीचे शंभराला फक्त पाच भाग. काचेवर ओतलेली फिल्म सगळीकडे सारखी दुधाळ उतरली, ठिपका औषधालाही सापडेना. तिने ती गरम करून ताणली, मग जबर विद्युतदाब देऊन तिच्यातल्या कणाकणाचे तोंड एका दिशेला वळवले. शुक्रवारी दुपारी पट्टा जोडून तिने फिल्मवर अंगठा दाबला. पट्टा असा थरथरला की टेबलावरून खाली पडला! शाल्मली आनंदाने एवढ्या मोठ्याने ओरडली, की शेजारच्या खोलीतले लोक काय झाले म्हणून धावत आले.

शनिवारी व्यापारी पाय बांधून प्रयोगशाळेच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहिला. मान सवयीने खाली.

"शेठ, समोर बघा," आचार्य म्हणाले.

त्याने कठडा घट्ट धरला, मान वर केली आणि पाऊल टाकले.

"टेकला! ताई, टेकला, कळलं मला!"

दुसरी पायरी. तिसरी. पाचव्या पायरीला त्याने कठडा सोडला. बावीस पायऱ्या तो ताठ मानेने उतरला. खाली पोचला तेव्हा त्याचे डोळे वाहत होते आणि तो खदखदून हसतही होता.

"एवढं काय काय घातलंत हो यात?" त्याने विचारले.

शाल्मलीने आचार्यांकडे पाहिले. उत्तर तिनेच द्यावे, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते.

"घातलं थोडंच, शेठ," ती म्हणाली. "पण जे घातलं, ते नीट मिसळू दिलं."

घरात काय किंवा संस्थेत काय, भर घालण्याची घाई झाली की आधी आहेत ते एकमेकांत मिसळलेत का, एवढे पाहावे. पण हा बोध ऐकायला व्यापारी थांबलाच नव्हता. तो पुन्हा जिना चढू लागला होता.