मोजणीत नसलेला कासार

खाडीवर पूल होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात तुळाजी नावाचा कासार होता. दर आठवड्याला बांगड्यांची पेटी घेऊन तो होडीने पलीकडच्या बाजाराला जायचा. हात मोठा हलका त्याचा, बायका त्याचीच वाट बघत. धंदा बरा चालला होता. पण होडीचं भाडं द्यायचं म्हटलं की ह्याच्या अगदी जिवावर यायचं!

होडी गोमा तांडेलाची. धक्क्यावर त्याची बायको भाडं घेऊन प्रत्येकाला एक चिंचोका देई. होडीत चढताना तो मडक्यात टाकायचा. तुळाजी काय करी, गर्दीत घुसून रिकामी मूठ मडक्यात घाली आणि नखाने टक् असा आवाज काढी. झालं काम!

पण खरी धाकधूक पुढे असायची. ओहोटीला खाडीच्या मधोमध वाळूचा पट्टा उघडा पडे. तिथे सामान होडीतच ठेवून सगळ्यांनी उतरायचं आणि हलकी झालेली होडी ढकलत पट्ट्यापलीकडे न्यायची. पुन्हा बसण्याआधी तांडेल मडक्यातले चिंचोके मोजी, मग डोकी मोजी. दोन्ही जुळले की निघायचं. तेवढ्या वेळापुरता तुळाजी वाळूच्या उंचवट्याआड दडून बसे, आणि निघायच्या गडबडीत गपचूप येऊन चढे. दर खेपेला म्हणायचा, पुढच्या वेळी चिंचोका घेऊच. ती पुढची वेळ काही येत नव्हती.

एका बाजाराच्या दिवशी खाडीवर दाट धुकं उतरलं. तुळाजी नेहमीसारखा उंचवट्याआड बसला. कान सगळे होडीकडे.

"चिंचोके बावीस, डोकी बावीस!" तांडेल ओरडला. "बसा रे पटापट, भरती लागली!"

तुळाजी धावला. पण होडी कुठाय? चार पावलांवरचं दिसेना. उजवीकडे गेला तर पाणी, डावीकडे गेला तर पाणी. वल्ह्यांचा आवाज मात्र अगदी जवळून येत होता. एक हाक मारली असती तर होडी थांबली असती. हाक ओठांवर आलीही होती. पण हाक मारायची म्हणजे गावच्या बायाबापड्यांसमोर तेविसावा म्हणून उभं राहायचं! काय तोंड दाखवणार? त्याने हाक गिळली. तेवढ्यात आवाज लांब गेला.

मग मात्र तो ओरडला. घसा फुटेस्तोवर ओरडला. कुणी ओ दिली नाही.

पाणी घोट्याला लागलं, बघता बघता गुडघ्यापर्यंत आलं. पोहता येत होतं हो, पण पोहायचं कुठल्या दिशेला? आणि एकाएकी त्याच्या लक्षात आलं. आपल्याला शोधायला कुणी येणारच नाही! तांडेलाच्या लेखी होडी पूर्ण आहे. घरी बायको म्हणेल, बाजारात रमले असतील.

"अरे देवा," तो रडायलाच लागला, "मी होडीत होतो! खरंच होतो रे!"

पाणी कमरेला आलं, मग छातीला टेकलं. तेव्हा कुठे धुक्यातून हाक आली, "तुळाजी! ए कासारा! ओ दे!"

चार हातांनी त्याला वर ओढलं. दात असे वाजत होते की बोलता येईना.

"पलीकडे सगळे आपापलं सामान घेऊन उतरले," तांडेल म्हणाला, "आणि एक पेटी राहिली. म्हटलं, डोकी तर बरोबर होती, मग हिचा धनी कोण? होडीतल्या सगुणाकाकू म्हणाल्या, अरे, ही तर कासाराची! तशीच होडी वळवली मी. पेटी नसती ना, तर मी निवांत जेवायला बसलो असतो."

तुळाजीने त्याचे पाय धरले. "चुकलो, तांडेल. सगळ्या खेपांचं भाडं देतो."

"ते तर मी घेणारच!" तांडेल चिडून म्हणाला. "अरे, पण चिंचोके काय मी हौसेने मोजतो? कुणी मागे राहू नये म्हणून मोजतो ना, शहाण्या!"

पुढच्या बाजाराला तुळाजीने चिंचोका घेतला, मडक्यात टाकला, पडला की नाही ते वाकून बघितलंही. वाळूवर मोजणीला सगळ्यांत पुढे हाच. तांडेल पुढे सरकला तरी विचारतोय, "मला धरलं ना? नक्की?"

सगळे हसले. पण गंमत बघा, होडीत माणसं गेल्या खेपेचीच, आणि मडक्यात चिंचोके निघाले सत्तावीस! मोजणीच्या वेळी ज्यांना नेमके पाय धुवायचे आठवायचे, असे आणखी चौघे त्या दिवशी मुकाट्याने रांगेत उभे होते.

तात्पर्य: भाडं चुकवणाऱ्याला वाटतं, आपण तांडेलाला फसवलं. खरं तर तो स्वतःलाच मोजणीतून वगळत असतो, आणि पाणी छातीला लागेपर्यंत त्याला ते कळत नाही.