सटवाजीचा पालथा डफ

फार फार वर्षांमागे, नदीला पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. कोंढरी गाव अलीकडे, बाजार आणि सुईण पलीकडे. मधे एकच नाव. तिच्यासाठी संस्थान घरटी नावपट्टी, म्हणजे नावेचा कर, घ्यायचं आणि नाव चालवायचा मक्ता कुणातरी मक्तेदाराला द्यायचं.

पण एक रीत होती. मक्त्याची सगळी कलमं चावडीपुढे दवंडी देऊन सांगायची. गाव “ऐकलं” म्हणालं, की मक्ता पक्का.

दवंडी द्यायचा सटवाजी. त्याची हाक पलीकडच्या काठावरची गुरंसुद्धा ओळखायची, असं म्हणतात.

एका वर्षी संस्थानचा कारभारी त्याला हळूच म्हणाला, “सटवाजी, शेवटचं कलम डफाच्या आवाजाखाली घे. तुझ्या डफाला नवं कातडं देतो.” सटवाजीचा डफ फाटला होता. पट्टी तर दरसाल भरतोच, एका कलमानं काय होणार, असं त्याला वाटलं.

चावडीपुढे कारकून कानात सांगत गेला, सटवाजी ओरडत गेला. शेवटच्या कलमाला त्यानं डफ असा बडवला, की म्हातारी गंगू ओरडली, “कान फोडतोस का रे मेल्या!” सगळे हसले. हसत हसतच म्हणाले, “ऐकलं!”

श्रावणात सटवाजीची लेक मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. भरदुपारी ती अडली. सटवाजीनं हाक मारली, तशी सुईण पलीकडच्या काठावर धावत आली. पण नाव नव्हती. मक्तेदारानं ती स्वतःची लाकडं वाहायला खाली नेली होती. गावकऱ्यांनी भोपळ्यांची सांगड बांधली, तर मक्तेदाराचा शिपाई आडवा आला.

“पाण्यात दुसरं काही घालायचं नाही. आणि नाव चालो न चालो, पट्टी द्यायचीच. शेवटचं कलम आहे. तुम्हीच म्हणालात ना, ऐकलं?”

सगळ्यांनी सटवाजीकडे पाहिलं. तो खाली बसला. शेवटी माणसांनी शिपायाला ढकलून सांगड पाण्यात लोटली. सुईण आली, तेव्हा मैनाही नव्हती आणि बाळही नव्हतं.

पुढच्या वर्षी मक्ता पुन्हा चावडीवर आला. कलमं तीच होती. शेवटचं कलम आलं, तेव्हा सटवाजीनं डफ जमिनीवर पालथा ठेवला आणि नुसत्या गळ्यानं ते कलम सांगितलं. पुन्हा सांगितलं. सांगतच राहिला. झाडावरचे बगळे उडाले. नदीचं पाणी वाहायचं थांबलं, असं म्हणतात.

“पुरे!” कारभारी ओरडला. “बोला रे, ऐकलं का?”

कुणीच बोललं नाही. गंगूनं तर तोंडाला पदर लावला होता. सूर्य मावळला, तरी गाव गप्प बसून होतं. कारभारी उठून गेला. ते कलम गेलं, आणि नाव चालेल तेवढीच पट्टी, असं ठरलं.

सटवाजीचा आवाज मात्र त्या दिवशी नदीपार गेला, तो परत आलाच नाही. पुढे तो काठावर मुकाच बसून असायचा. नाव वेळेवर सुटली, की मान फिरवायचा.

आता नदीवर पूल आहे. तरी कोंढरीत पाण्याचा, रस्त्याचा, कसलाही सरकारी ठेका द्यायचा असला, की आधी चावडीपुढे डफ पालथा ठेवतात आणि एकेक कलम मोठ्यानं वाचतात. “ऐकलं” म्हणायचा पहिला मान बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीचा. ती “परत वाचा” म्हणाली, तर परत वाचतात. ती म्हणेल तितक्यांदा.