पुलाच्या अलीकडे

“आता अजून काय शिकायचं राहिलंय त्याचं, बाबा?”

तेजल गिरासेने खोगिराचा पट्टा आवळत विचारलं. तिचा सुलतान जागच्या जागी खूर आपटत होता.

रहमतबाबांनी तो पट्टा एकदा ओढून पाहिला. तापीकाठच्या त्या गावात पन्नास वर्षं ते घोडे आणि घोडेस्वार तयार करत होते. तेजलला मात्र तीन महिने त्यांनी शेताबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

“ढोल बडवले, फटाके फोडले, पत्रे आपटले. सुलतान कानसुद्धा हलवत नाही. मग रस्त्यावर का नाही?”

“चल,” बाबा म्हणाले आणि आपल्या लाडी घोडीवर बसले.

रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, जीपगाड्या, मोटरसायकली... बाबा पुढे, डाव्या कडेने, अगदी सावकाश. तेजलला धीर धरवेना.

“जरा दुडकी चाल तरी धरू या!”

बाबांनी मागे पाहिलं नाही.

पूल आला. बाबा खाली उतरले आणि लाडीचा लगाम धरून चालू लागले.

“उतर, बेटा.”

“घोडा असताना पायी? लोक हसतील, बाबा.”

...

तेजल खोगिरावर बसूनच पुलावर शिरली. मागून ट्रकने हॉर्न दिला.

सुलतानने पुढचे पाय उचलले, खाली टेकले आणि तो थेट आडवा रस्त्यात घुसला. ब्रेक करकरले. ट्रक थांबला, तो तेजलच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर.

बाबांनी लाडीला सोडलं, धावत येऊन सुलतानचा लगाम पकडला आणि त्याला कडेला घेतलं. ट्रकवाला शिव्या देत निघून गेला.

लाडी सोडली होती तिथेच उभी होती.

तेजल उतरली. दोघं पूल पायी चालले. घोडे कठड्याच्या बाजूला, माणसं गाड्यांच्या बाजूला.

पलीकडे पोहोचल्यावर तेजल थांबली.

“बाबा...”

“बोल.”

“सुलतानचं समजलं. पण लाडी? ती ट्रकला घाबरत नाही, हॉर्नला घाबरत नाही. मग तुम्ही का उतरलात?”

बाबांनी लाडीच्या मानेवर हात ठेवला. हात अजून थरथरत होता.

“दोघांपैकी एकाला तरी भीती वाटायला हवी ना, बेटा.”