ठणठणीत माणसं

सरकारी कारखान्यातल्या विणकरांना आजारपणाची रजा द्यावी की नाही, यावर त्या छोट्या संस्थानाच्या दरबारात तीन दिवस चर्चा चालली होती. बोलणाऱ्यांपैकी एकानेही कधी माग पाहिला नव्हता, त्यामुळे मतं अगदी ठाम होती.

राजवैद्य दाजीशास्त्र्यांनी तर निकालच देऊन टाकला. "सरकार, बारा वर्षं मी या विणकरांना तपासतोय. एकही खरा आजारी निघाला नाही. सगळे ठणठणीत असतात आणि सोंगं करतात."

सरकारांनी मान डोलावली आणि नकाराच्या हुकमावर उठवायला शिक्का उचलला.

दाराशी भिवरा उभी होती. तिचा नवरा तापाने फणफणत मागावर बसला होता. ती पुढे झाली.

"सरकार, गेल्या पावसाळ्यात आमचे तीन विणकर वारले. तिघांना शास्त्रीबुवांनीच तपासलं होतं."

"मग?"

"ते ठणठणीत होते, म्हणजे आजाराने गेले नाहीत. शेवटच्या आठवड्यात त्यांच्या पोटात बुवांच्या काढ्याशिवाय काही गेलं नव्हतं. मग ते मेले कशाने?"

सरकार स्वतः रोज सकाळी तोच काढा घेत. त्यांनी शिक्का खाली ठेवला आणि वैद्यांकडे रोखून पाहिलं.

शास्त्रीबुवा घाईने उठले. "तिघेही फार आजारी होते, सरकार. अगदी हाताबाहेर गेले होते."

रजेचा हुकूम दुपारीच निघाला आणि भिवराने नवऱ्याला घरी नेलं. शास्त्रीबुवांना मात्र त्या दिवसापासून विणकरांच्या साध्या शिंकेतही गंभीर आजार दिसू लागला.