चिंचेखालचा काळा रंग

एका गावात एक निवृत्त मोजणीदार राहत होते. नाव त्र्यंबकराव. उभा जन्म लोकांच्या बांधांची मापं काढण्यात गेला, आणि आपलं माप कधी चुकतच नाही अशी त्यांची पक्की समजूत झाली. राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. असल्या माणसाला शिकवायच्या फंदात कुणी पडू नये. पण साठी उलटल्यावर त्यांनी आपणहून तेलरंगातली निसर्गचित्रं शिकायला घेतली.

त्याला कारण त्यांची थोरली बहीण, आक्का. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. कंबरेचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली होती. एक दिवस ती म्हणाली, "त्र्यंबक, माझ्या मळ्याचं चित्र काढून दे रे. आता माझे पाय काही तिकडे लागत नाहीत."

मळा तीन मैलांवर होता. तिथं जायची तसदी त्र्यंबकरावांनी घेतली नाही. आक्काच्या उशाशी मळ्याचा फोटो असे, तो त्यांनी मागून आणला. त्याच्यावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, कॅनव्हासवर मोठ्या चौकटी आखल्या, आणि जमीन मोजावी तसा एकेक चौकोन उतरवायला बसले.

शिकवणारे कादरमास्तर वयाने लहान आणि स्वभावाने गरीब. ते हळूच म्हणाले, "राव, झाडाच्या सावलीत निव्वळ काळा रंग भरू नका. सावलीतलं कॅमेऱ्याला दिसत नाही, माणसाला दिसतं. एकदा जागेवर जाऊन बघून या."

झालं! त्र्यंबकरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फोटोत काळं आहे की नाही? मग फोटो खोटा आणि तुम्ही खरे?"

मास्तरांनी पुन्हा ब्र काढला नाही. बाकीचे शिकणारेही चित्र पाहून "वा, छान!" म्हणू लागले. फुकट बोलणी खायची हौस कुणाला असते?

महिन्याभराने चित्र पुरं झालं. आक्काने ते बराच वेळ पाहिलं.

"हे कुठलं रे?"

"कुठलं म्हणजे? तुझाच मळा! फोटोशी ताडून बघ, सुताचा फरक निघायचा नाही."

"अरे, फोटोत चिंचेखाली नुसतं काळं दिसतं. तिथं पाटाच्या कडेला बसून मी तीस वर्षं दुपारची भाकर खाल्ली. ते दिसावं म्हणून तर तुला चित्र सांगितलं."

"आधी डोळे तपासून घे!" त्र्यंबकराव कडाडले. "महिनाभर राबलोय मी!"

आक्का चादरीकडे बघत म्हणाली, "छान आहे हो चित्र."

कान पिळून चुका दाखवणारी ही बहीण. आज तीही त्यांना भिऊन खोटं बोलली. आजवर ऐकलेल्या सगळ्या "छान"चा अर्थ त्र्यंबकरावांना तेव्हा कळला. अंगाचा तिळपापड झाला, पण या खेपेला स्वतःवरच. घरी जाऊन त्यांनी सुरीने चिंचेखालचा सगळा काळा रंग खरवडून काढला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते मळ्यात गेले आणि चिंचेखाली उभे राहिले. तिथं काळं काहीच नव्हतं. माती जांभळट होती. पाटाच्या पाण्यात निळं आभाळ उतरलं होतं. बाहेरच्या उन्हाने खोडाची एक बाजू तांबूस झाली होती. "गाढवा, तीन मैल चालवलं नाही तुला!" ते मोठ्याने स्वतःलाच म्हणाले. तसेच तडक मास्तरांकडे गेले.

"मास्तर, माझं चुकलं. सावली कशी रंगवायची ते सांगा. ओरडलो तर हाकलून द्या."

आठवड्याने चित्र पुन्हा आक्कासमोर आलं. रंग अजून ओला होता. तिने चिंचेखाली थेट बोट टेकवलं. ओरडायला त्र्यंबकरावांचं तोंड उघडलं, आणि त्यांनी ते मोठ्या कष्टाने मिटलं.

"चुकलास बघ," आक्का म्हणाली. "पाट एवढा लांब नाही. इथं, खोडाला लागून जातो."

"दाखव बरं नीट," म्हणत त्र्यंबकराव ब्रश घेऊन तिच्या खाटेशी बसले.

तात्पर्य: चूक दाखवणाऱ्यावर ओरडलं म्हणून चूक जात नाही, दाखवणारा तेवढा गप्प होतो.